दालचिनीची शंकरपाळी

आईनं जन्मभर दुसऱ्याची भांडी घासली. मालकिणीच्या कणकेला हात लावायची सोय नव्हती. परवा रातपाळी सुटल्यावर मीच पोळपाटाशी बसलो. दूध, तूप, साखर वाटी-वाटी तापवलं, निवल्यावर चमचाभर दालचिनीपूड, मावेल तेवढा मैदा. पेराएवढे तुकडे, मंद जाळ. (जाळ मोठा केला की बाहेरून करपतात, आत कच्चे. पहिला घाणा तसाच गेला.)

रात्री खात्यात डबा उघडला. शेजारच्या साच्यावरचा, रोज माझीच तंबाखू मळणारा, म्हणाला, “आज उपास हाय.” पाळी सुटताना गेटवर भजी खाताना दिसला. बाबासाहेबांनी १९२७ साली चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं दोस्तहो, माझं शंकरपाळं अजून अडलंय. उद्या पुन्हा नेणार. डबा त्याच्याच साच्यावर ठेवणार.