खारपाणपट्ट्यातली पोट्टी समुद्रावर कशी जाईल?

दर्यापूर तालुक्यातलं आमचं गाव. विहिरीचं पाणी असं खारट की त्यात तुरीचं वरण धड शिजत नाही. आजोबा सांगायचे, इथं पहिले समुद्र होता. भूगर्भवाले वेगळं सांगतात, पूर्णेच्या गाळात क्षार साचले आणि निचरा झाला नाही म्हणे. पण लहानपणी मला आजोबांचंच खरं वाटायचं. समुद्रावर काम करायचं हे बहुतेक तिथूनच डोक्यात बसलं असावं.

२०१८ मध्ये अमरावतीहून प्राणिशास्त्रात एमएस्सी झाले. किनाऱ्यावरच्या एका संस्थेत इंटर्नशिप मिळाली. कांदळवनं आणि मासेमारीचे नियम यावर अहवाल तयार करायचा, सहा महिने. मेल वाचून मी घरभर नाचले. शेवटच्या ओळीत होतं की मानधन नाही, प्रमाणपत्र मिळेल.

बाबांनी दोनदा वाचून घेतलं. म्हणाले, "काम त्याईचं अन् खर्च आपला? हे कोनतं शिकनं व माय?"

खोली, मेस, जाणं-येणं धरून महिन्याला नऊ-दहा हजार, म्हणजे सहा महिन्यांचे पंचावन्न-साठ हजार. आदल्याच हंगामात गुलाबी बोंडअळीनं कपाशी खाल्लेली. मी 'येऊ शकत नाही' असं कळवून टाकलं. आता अकोल्यात शिकवणी घेते.

हे आज आठवायचं कारण माझी एक विद्यार्थिनी. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. परवा विचारत होती, "मॅडम, समुद्राच्या कामात पैसे भेटते का?"

भेटतात, पण कुठे ते बघा. सीएसआयआर-नेटमध्ये जेआरएफ मिळाली तर २०२३ पासून महिन्याला ३७ हजार आणि वर घरभाडं. गोव्यात दोनापावलाला १९६६ ला स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, तिथे पीएचडी करता येते. चांगलंच आहे. पण ही वाट संशोधनाची. किनाऱ्यावर बांधकामाची रेषा कुठे आखायची, जाळ्याचे नियम कसे करायचे, हे ज्या टेबलावर ठरतं तिथे जेआरएफवाला बसत नाही.

त्या टेबलाजवळ नेणारी एक वाट आपल्याकडे आहे, मुख्यमंत्री फेलोशिप. २०१५ ला सुरू झाली, मधे बंद पडली, २०२३ ला पुन्हा सुरू झाली. ६० जागा, वय २१ ते २६, आणि २०२५-२६ च्या फेरीत प्रवासखर्च धरून महिन्याला ६१,५०० रुपये. वऱ्हाडातल्या घरात हा आकडा सांगितला तर लोक दोनदा विचारतात.

गाठ पुढे आहे. अर्जाला एक वर्षाचा अनुभव लागतो. पूर्णवेळ इंटर्नशिप धरतात. आणि इंटर्नशिप? ती बिनपगारी! म्हणजे ज्याचं दादरला घर आहे किंवा रत्नागिरीत मावशी आहे, त्याचा अनुभव होतो. आमच्या पोट्टीचा होत नाही. परीक्षेत कोणी तिला अडवत नाही हो, ती त्याच्या एक वर्ष आधीच गळालेली असते.

अमेरिकेत १९७९ पासून नॉस नावाची सागरी धोरणाची फेलोशिप आहे. समुद्र, किनारा, मोठी सरोवरं यावर शिकणारी उच्चशिक्षित मुलं वर्षभर वॉशिंग्टनला खासदारांच्या नाहीतर सरकारी खात्यांच्या कार्यालयात काम करतात, पगार घेऊन. आपल्याला तेवढं मोठं नकोच. ६० पैकी थोड्या जागा किनाऱ्याच्या सात जिल्ह्यांसाठी, खास समुद्राच्या कामाला ठेवा. मत्स्यव्यवसाय खातं आहे, २०१२ पासून कांदळवन कक्ष आहे, बसवा तिथे. आणि सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थेनं इंटर्नला फुकट राबवू नये, एवढा एक आदेश काढा.

पैसेही वेळेवर द्या. माझ्या मैत्रिणीला दुसरीकडे एक फेलोशिप मिळाली होती, पहिला हप्ता पाचव्या महिन्यात आला. तोवर तिच्या भावानं उसनवारी केली. कागदावर ती 'पगारी'च होती!

आता कोणीतरी म्हणेलच, वऱ्हाडाले समुद्राचं काय घेणं? बाप्पा, जूनमध्ये आपण ज्या पावसाकडे डोळे लावून बसतो तो येतो कुठून? तिकडे पॅसिफिक तापला की इथं पेरणी दुबार व्हायची भीती. मासेमारीचं मला कोळ्यांच्या पोरांइतकं कळणार नाही, हे कबूल. जागा आधी त्यांनाच मिळाव्यात. पण आमचीही एखादी असू द्या.

पोट्टीला मी सध्या एवढंच सांगितलं की नेटचा अभ्यास सुरू ठेव आणि बिनपगारी कुठंही 'हो' म्हणण्याआधी मला फोन कर. कोणाला किनाऱ्यावरची पगारी, सहा महिने ते वर्षभराची खरी जागा माहीत असेल तर खाली लिहा. पगार किती आणि पहिल्या महिन्यात मिळतो का, तेही लिहा.