बोलोन्या, व्हेनिस आणि दोन क्विंटल सोयाबीन

इटलीला जाऊन आलो असं ऑफिसात सांगितलं की लगेच फोटोंची मागणी होते. माझ्याकडे व्हेनिसचे बारा फोटो आहेत. त्यातले सात चालत्या गाडीच्या खिडकीतून काढलेत आणि सातांतही सोयाबीनच आहे. त्यामुळे फोटो दाखवण्यापेक्षा लिहिणं सोपं वाटतंय.

तर झालं असं. गेल्या सप्टेंबरात कंपनीनं मला दोन आठवड्यांसाठी म्युनिकला पाठवलं. मधल्या शनिवार-रविवारला जोडून सोमवारची रजा घेतली, कारण माझी चुलतबहीण बोलोन्याला शिकते. नाव लिहायचं नाही अशी तिची सक्त ताकीद आहे, म्हणून इथं तिला नुसतं धाकटी म्हणतो. अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून बी.एस्सी. अ‍ॅग्री करून ती तिकडे मास्टर्सला गेली. आमच्या जऊळक्यातून मुंबई-पुण्याला गेलेले पुष्कळ आहेत. इटलीला गेलेली ही आमच्या माहितीत तरी पहिलीच.

निघायच्या आदल्या रात्री काकांचा फोन. "तू चाल्लाच हायेस तं पोट्टी कशी राह्यते ते पाहून ये. फोनवर ते सारं बरंच हाये म्हन्ते."

काकांचं 'पाहून ये' म्हणजे साधं काम नाही. ते बैल पाहायला गेले तरी दात मोजून येतात. शिवाय या प्रकरणात मी निव्वळ पाहुणा नव्हतो. तिच्या शैक्षणिक कर्जावर जामीनदार म्हणून माझी सही आहे. ती जायची ठरली तेव्हा "जाऊ द्या काका, काही होत नाही" असं ओट्यावर बसून छातीठोकपणे सांगणाराही मीच.

म्युनिकहून बोलोन्याला ब्रेनर खिंडीतून थेट गाडी आहे. साधारण सात तास. आल्प्स संपेपर्यंत मी खिडकीला चिकटून होतो आणि त्यानंतर चक्क झोपलो. उतरलो तर स्टेशनच्या भिंतीवरचं घड्याळ दहा पंचवीस दाखवत होतं, आणि बाहेर तर संध्याकाळ! "एवढं मोठं स्टेशन आणि घड्याळ बंद?" मी धाकटीला म्हटलं. भेटल्यावरचं माझं पहिलं वाक्य हेच.

"मुद्दाम बंद ठेवलंय, दादा," ती म्हणाली. 2 ऑगस्ट 1980 ला सकाळी दहा पंचवीसला या स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये बॉम्ब फुटला. 85 माणसं गेली, दोनशेवर जखमी झाली. ऑगस्टचा शनिवार होता, लोक सुट्टीला निघाले होते. आत भिंतीवर सगळ्यांची नावं आणि वयं कोरली आहेत. ती वयं वाचवत नाहीत. आमच्या गावाच्या नावातच 'रेल्वे' आहे, जऊळका रेल्वे. लहानपणी मीटरगेजच्या गाडीची वाट बघत आम्ही स्टेशनवर तासन् तास काढलेत. 2008 साली ब्रॉडगेज झाली तेव्हा मी शाळेत होतो. स्टेशनवर बसलेला माणूस किती बिनधास्त असतो ते मला ठाऊक आहे. दोघंही थोडा वेळ काही बोललो नाही.

तिची खोली म्हणजे चार जणींत एक स्वयंपाकघर आणि दोघींत एक खोली. मी बॅग उघडली. काकूंनी दिलेलं येसर, जवसाची चटणी, कुरड्या, पापड. धाकटीनं येसराची पुडी उघडून नुसता वास घेतला आणि पाठ फिरवून भांडं घासत बसली. भांडं आधीच स्वच्छ होतं. काकांना सांगायचा पहिला मुद्दा मी मनात टिपून ठेवला: पोट्टी वाळली आहे.

माझी समजूत अशी की ही वर्षभर इथं राहते म्हणजे हिनं इटली पालथी घातली असणार. रोम-फ्लॉरेन्स झालं असेल, निदान व्हेनिस तरी! विचारलं तर म्हणे, "मी फक्त लायब्ररी, मेन्सा आणि डिस्काउंटवालं दुकान पाह्यलंय." मेन्सा म्हणजे विद्यार्थ्यांची स्वस्त खानावळ. बोलोन्याचे ते दोन प्रसिद्ध मनोरे तिनं वरून कधी पाहिले नाहीत. त्यातला उंच मनोरा, आसिनेल्ली, 97 मीटरचा आहे आणि आत 498 पायऱ्या आहेत. पण डिग्री मिळायच्या आधी जो तो चढतो त्याला डिग्री मिळत नाही अशी इथल्या पोरांची समजूत. विद्यापीठाची स्थापना ते 1088 ची सांगतात, म्हणजे ही भीती किती पिढ्यांची असेल बघा! शेजारचा गारिसेंदा मनोरा जास्तच कलायला लागल्यामुळे 2023 च्या ऑक्टोबरात दोन्हींचा परिसर बंद केला होता. आम्ही कुंपणाच्या बाहेरूनच मान वर करून पाहिले. "बरंच झालं," धाकटी म्हणाली, "चढायचा मोहच नको." हसली नाही. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

शनिवारी व्हेनिसला निघालो. मी मोठ्या रुबाबात मशीनमधून तिकिटं काढली आणि थेट डब्याकडे निघालो, तर हिनं मागून हाक मारली. लोकल गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या मशीनमध्ये घालून त्यावर वेळ उमटवून घ्यावी लागते. नाही तर तिकीट असून विनातिकीट! पाच वर्षं सॉफ्टवेअर टेस्ट केलेल्या माणसाला इटलीच्या रेल्वेनं पहिल्याच पायरीला फेल केलं असतं.

गाडीनं फेर्रारा सोडलं, पो नदीचा पूल लागला आणि मी ताडकन उठून उभा राहिलो. दोन्ही बाजूंना सपाट, मैलोन् मैल पिवळं पडत चाललेलं शिवार. "अगं, सोयाबीन!"

"मग? युरोपियन युनियनमध्ये सगळ्यात जास्त सोयाबीन इटलीतच पिकते. पोच्या खोऱ्यात," ती म्हणाली. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. इटली म्हणजे पिझ्झा, पिसाचा मनोरा आणि फारतर मायकेलअँजेलो. वाशीम जिल्ह्यातला माणूस सात हजार किलोमीटरवर जातो आणि खिडकीबाहेर घरचंच वावर निघतं! ते सात फोटो त्यानंतरच्या वीस मिनिटांतले.

व्हेनिसचं वर्णन मी करत नाही, तुम्ही सिनेमात पाहिलंच आहे. एकच सांगतो. स्टेशनच्या दारातून बाहेर पडल्यावर समोर रस्ता नसून पाणी आहे, हे माहीत असूनही पाय थबकतात. गोंडोलाचा सरकारी दर दिवसा अर्ध्या तासाला 90 युरो. मी मनात गुणाकार केला आणि धाकटीकडे पाहिलं. तिचाही झाला होता. "दोन क्विंटल सोयाबीन," ती म्हणाली. "बरोबर," मी म्हणालो. आणि दोघंही काठावरून गोंडोलातल्या लोकांकडे, म्हणजे त्यांच्या बुडाखालच्या सोयाबीनकडे, बघत राहिलो.

पण हिच्या रूममेटनं एक युक्ती सांगून ठेवली होती. ग्रँड कॅनॉलवर पूल मोजकेच. त्यामुळे मासळीबाजाराजवळ साध्या गोंडोलातून लोकांना या काठावरून त्या काठावर सोडतात. त्राघेत्तो म्हणतात त्याला. परक्या माणसाला दोन युरो. स्थानिक लोक उभ्यानंच जातात. आम्हीही ऐटीत उभे राहिलो, बाजूनं एक मोटरबोट गेली, लाट आली आणि आम्ही दोघं एकमेकांचं जॅकेट धरून मटकन खाली बसलो. नाववाला काहीतरी बोलला आणि अख्खी नाव हसली. दोन मिनिटांचा प्रवास. त्या दोन दिवसांत धाकटी मनापासून हसलेली मी तेवढीच पाहिली.

रविवारी सकाळी सान लुकाला गेलो. बोलोन्या हे कमानींचं शहर आहे. पावसात छत्रीशिवाय गावभर फिरता येतं इतके छत असलेले पदपथ, आणि 2021 साली युनेस्कोनं ते जागतिक वारसा यादीत घेतले. त्यातला सगळ्यात लांब पदपथ शहराच्या वेशीपासून टेकडीवरच्या सान लुकाच्या देवळापर्यंत जातो. जवळजवळ चार किलोमीटर, 666 कमानी. चढ सुरू झाला तसं मी एकेक कमान मोजायला लागलो. दोनशेच्या आसपास असताना ती म्हणाली, "दादा, माझा एक पेपर गेलाय."

माझी मोजणी तिथंच चुकली.

जुलैत स्टॅटिस्टिक्सची परीक्षा झाली. इकडे तीसपैकी मार्क, 18 ला पास, ही 14 वर अडकली. नुसतं नापास होण्याचं एवढं काही नसतं, परत देता येते. पण हिला जी स्कॉलरशिप आहे ती प्रांताच्या सरकारची, घरचं उत्पन्न बघून मिळणारी. तिच्यासाठी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, अपोस्टिल, इटालियन भाषांतर या सगळ्यांमागे काका दीड महिना मालेगाव-वाशीम करत होते. ती टिकवायची तर ठरलेल्या मुदतीत ठरलेली क्रेडिट्स मिळवावी लागतात. नाही तर पुढचा हप्ता अडकतो. फारच कमी पडली तर घेतलेले पैसेही परत करावे लागतात. हिचा हप्ता अडकला होता. मंगळवारी परीक्षा पुन्हा होती.

"म्हणजे परवा? आणि तू मला व्हेनिस दाखवत फिरतेयस?"

"तू पहिल्यांदाच आलास ना. नाही कसं म्हणू?" थोड्या वेळानं म्हणाली, "बाबांना सांगू नको. मंगळवारी निघून जाईल, मग सांगायची गरजच नाही."

आता मी काय बोलणार? अमरावती विद्यापीठाचं थर्ड सेमिस्टर, मॅथ्स थ्री, माझा बॅक. आई-बाबांना सांगितलं ते सुटल्यावर, एक वर्षानं! तिला उपदेश करण्याचा मला काडीचा अधिकार नव्हता. पण माझा बॅक माझ्यापुरता होता. इथं कर्ज आहे, खाली माझी सही आहे, आणि तिकडे काका सगळं ठीक समजून खर्चाचे हिशेब मांडतायत. आम्ही देवळापर्यंत पोचलो, पण आत काय होतं ते विचाराल तर मला नीटसं आठवत नाही.

परत येऊन जेवलो आणि टेबलावर वही घेतली. माझं स्टॅटिस्टिक्स बऱ्यापैकी आहे, पोटच त्यावर भरतं. तिचा घोळ एका जागी होता. सूत्रं सगळी पाठ, पण कशासाठी वापरायची ते डोक्यात नाही. मी म्हटलं, "तुमच्या वरच्या वावराचे चार तुकडे कर. प्रत्येकात तीन वाण पेर. आता उत्पन्न कमी-जास्त आलं ते वाणामुळे की जमिनीमुळे, हे कसं ओळखशील?" ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "खालचा तुकडा पाणी धरते. तो वेगळा मोजावा लागेल." झालं! ब्लॉक म्हणजे काय ते तिला कळलं होतं. बापासोबत त्या वावरात ती लहानपणापासून हिंडलेली. पुस्तकात कुणी त्याला वावर म्हटलं नव्हतं एवढंच.

रात्री साडेआठला काकांचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे बारा वाजले होते. काका इतका वेळ जागे म्हणजे वाट बघत असणार.

"काय रे, पाह्यली का पोट्टी? बरी हाये नं? खरं सांगजो."

मी फोन धाकटीकडे केला. मी तिला ना खूण केली ना काही बोललो, नुसता फोन दिला. एवढं मात्र कबूल करतो की खोटं बोलायची वेळ माझ्यावर येऊ नये, हाही त्यात स्वार्थ होता.

"बाबा, माझा एक पेपर गेला," ती म्हणाली.

पलीकडे पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

"पैशाचं काय व्हते त्यानं?" काकांनी पहिलं हेच विचारलं. तिनं सगळं सांगितलं. मग काका म्हणाले, "मंग हे मले जुलैतच सांगाले काय झालं व्हतं? गेल्या मह्यन्यात मी स्प्रिंकलरचे पाइप घेतले. तुहा हप्ता अडकला हे ठाऊक असतं तं थांबलो असतो नं बाई."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. नापास झाल्याचं त्यांना काहीच नव्हतं. त्यांचा हिशेब चुकवला होता, तो आम्ही. हो, आम्हीच म्हणतो, कारण काही तासांपुरता का होईना, मीही त्यात सामील होतो. धाकटी रडली. काका म्हणाले, "रडून काय व्हते? कवा हाये पेपर? मंगळवारी? मंग व्हेनिसले काहून गेली व्हती?" यावर आमच्यापैकी कुणाकडेच उत्तर नव्हतं, म्हणून मी घाईघाईनं सोयाबीनचे फोटो पाठवले.

फोटो बघताना काकांचा आवाज बदलला. "वावर कोनाचं हाये? शेंगा कितीक लागल्या एका झाडाले?"

"गाडीतून काढलेत काका, कसं सांगू?"

"मंग उतरून पाह्यचं नं लेका."

सोमवारी सकाळी मी परत म्युनिकला निघालो. ती स्टेशनवर आली नाही, मीच नको म्हटलं, अभ्यास कर. मंगळवारी दुपारी मी मीटिंगमध्ये असताना मेसेज आला. 24.

पुढच्या शनिवारी घरच्या ग्रुपवर तिचा एक फोटो आला. फेर्राराच्या वाटेवर सान पिएत्रो इन कसाले नावाचं छोटं स्टेशन आहे, तिथं ती उतरली होती आणि तिथल्या शेतकऱ्याला विचारून धुऱ्यावर उभी होती. खाली लिहिलं होतं: "दहा झाडं मोजली. सरासरी 43 शेंगा, स्टँडर्ड डेव्हिएशन 8."

काकांनी उत्तर द्यायला दीड तास लावला. "आपली दहा मोजली. 36. ते दुसरं कसं काढाचं ते फोनवर सांग."