संगणकाची पाठचिकित्सा

एखादे यंत्र कायमचे बंद पडले तर माणूस हळहळतो आणि यथावकाश नवे आणतो. परंतु जे यंत्र चार दिवस निमूट चालते आणि पाचव्या दिवशी वाक्य अर्धे असताना निळा पडदा दाखवून आपले आपण पुन्हा सुरू होते, ते घरातील माणसांच्या तर्कबुद्धीची आणि परस्परांविषयीच्या सौजन्याची कसोटी पाहते. २०२४ च्या मार्चपासून जूनपर्यंत परभणीतील आमच्या घरी ही कसोटी चालली होती. आम्ही उभयतां महाविद्यालयात मराठी शिकवतो. संगणकशास्त्राशी आमचा संबंध केवळ वापरणाऱ्याचा. तथापि या प्रकरणाचा छडा ज्या वाटेने लागला ती वाट आम्हांस मराठीच्या अभ्यासाने दाखवली, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम त्या यंत्रात काय होते ते सांगितले पाहिजे. गेली काही वर्षे गंगाखेड, पालम, पूर्णा आणि जिंतूर या तालुक्यांतील गावांतून जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून त्या टंकलिखित करण्याचे काम आम्ही करीत आलो आहोत. जनाबाईंच्या गंगाखेडचा हा मुलूख. येथे ओवी गाणाऱ्या बाईला ती कोणी शिकवली असे विचारले तर ती हसते. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रभर एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. बर्नार बेल यांनी त्या संगणकावर नेल्या. आज तो ठेवा ‘पारी’ या ग्रामीण संग्रहात पाहावयास मिळतो. त्या डोंगरापुढे आमचे काम म्हणजे ओंजळभर धान्य. पण ओंजळीतल्या कित्येक ओव्या गाणाऱ्या आजीबाई आता हयात नाहीत. त्यांच्याकडे पुन्हा जाऊन ‘इथे नेमके काय म्हणालात?’ असे विचारता येणार नाही.

यंत्र बिघडू लागताच सल्ले येऊ लागले. पहिला आणि सर्वांत लोकप्रिय सल्ला ‘फॉरमॅट मारा’ हा. दुसरा विषाणूचा. तिसरा व्होल्टेजचा, आमच्या गावात कोणत्याही यंत्राच्या कोणत्याही दुखण्यास हे निदान सदैव तयार असते. फॉरमॅटला आमची हरकत दोन कारणांनी होती. त्याच संगणकावर २००६ साली जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेली बोलीशब्दांची एक यादी होती. असे फाँट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवीत; फाँट गेला की मजकुराऐवजी निरर्थक रोमन अक्षरे उरतात. तो फाँट पुन्हा बसवता येईल याची खात्री नव्हती. दुसरे कारण अधिक मूलभूत होते. दोष यंत्राच्या अंगात असेल तर नवी प्रणालीही त्याच खड्ड्यात पडणार, आणि आधीच्या पडझडीच्या साऱ्या खुणा मात्र पुसल्या जाणार.

म्हणून आम्ही एक वही घातली. प्रत्येक वेळी तारीख, घड्याळातील वेळ, पडद्यावर काय उघडे होते, यू.पी.एस. कोणता दाब दाखवत होता आणि खोलीत किती उकाडा होता, एवढे लिहावयाचे. विंडोजही स्वतःची नोंदवही ठेवते. तिच्यात प्रत्येक वेळी ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद सापडे. तिचा अर्थ इतकाच की यंत्र रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाले. पंचनाम्यात ‘इसम मयत आढळला’ असे लिहावे तसे हे. कारण त्यात नसते. निळ्या पडद्यावरील संकेत अधिक बोलके होते, पण दर वेळी निराळे. एकदा चित्रफलकाच्या ड्रायव्हरवर आळ, एकदा फाइलींच्या व्यवस्थेवर, एकदा स्मृतीच्या व्यवस्थापनावर. पाच साक्षीदार पाच निरनिराळे आरोपी सांगू लागले, तर ते पाचही जण ज्या जमिनीवर उभे आहेत ती तपासावी, हे ओघानेच येते.

वहीत दोन महिन्यांत तेवीस नोंदी झाल्या. त्यांतील एकोणीस दुपारी एक ते पाच या वेळेतल्या होत्या. यू.पी.एस.वरील आकडा त्या वेळी बहुधा समाधानकारक असे. व्होल्टेज निर्दोष सुटले. दुकानातील मुलाने कॅबिनेटमधील धूळ ब्लोअरने उडवली, प्रोसेसरवरचा वाळलेला लेप बदलला आणि रॅमच्या पट्ट्या काढून त्यांचे सोनेरी दात खोडरबराने घासले. हा उपाय हास्यास्पद वाटला तरी संपर्कावरील मळ त्याने खरोखर निघतो. नऊ दिवस शांततेत गेले. दहाव्या दिवशी दुपारी तीन वाजता निळा पडदा परत आला.

मग पेनड्राइव्हवरून ‘मेमटेस्ट’ चालवला. विंडोज सुरू होण्याआधीच हा प्रोग्रॅम स्मृतीच्या प्रत्येक घरात ठरावीक नमुना लिहितो, तो परत वाचतो आणि ताडून पाहतो. रात्रभर चालला, एकही चूक नाही. ‘रॅम ठीक आहे,’ असा दुकानाचा निर्वाळा मिळाला. येथे वही कामी आली. रोग दुपारी उठत असेल तर रोग्याला रात्री तपासून काय उपयोग? मे महिन्यातील बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या दुपारी, कूलर बंद ठेवून, आम्ही तीच तपासणी पुन्हा लावली. चाळीस मिनिटांत पडद्यावर लाल ओळी उमटल्या. नंतर दोन्ही पट्ट्या एकेकट्या तपासल्या, खाचा बदलून तपासल्या. चूक खाचेत राहिली नाही. ती एका पट्टीबरोबर फिरत राहिली.

ज्यांनी हस्तलिखितांचा अभ्यास केला आहे त्यांस ही युक्ती ओळखीची वाटेल. एखादा अपपाठ नकलकाराचा की त्याच्यासमोरील मूळ प्रतीचा, हे ठरवताना आपण हेच करतो: एक गोष्ट स्थिर ठेवून दुसरी बदलतो आणि चूक कोणाबरोबर जाते ते पाहतो.

उष्णतेचा संबंधही नंतर उलगडला. या स्मृतीत प्रत्येक बिट म्हणजे एका अतिसूक्ष्म धारित्रातील विद्युत्भार. तो सतत गळत असतो, म्हणून साधारणतः दर ६४ मिलिसेकंदांच्या आत तो वाचून पुन्हा भरावा लागतो. तापमान वाढले की गळती वाढते. निरोगी पट्टी ते सोसते. एखादे घर मुळातच दुबळे असेल तर पुढची आठवण होण्याआधीच ते विसरते. मोठ्या सर्व्हरमध्ये अशी एका बिटाची चूक आपोआप सुधारणारी स्मृती असते. गूगलच्या सर्व्हरांविषयी २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वर्षभरात आठ टक्क्यांहून अधिक पट्ट्यांत चुका आढळल्या होत्या. घरगुती संगणकांत हा तपासनीस बहुधा नसतोच.

पट्टी काढून टाकली आणि पडझड थांबली. सगळ्यांनी अभिनंदन केले. आमची झोप मात्र त्याच रात्री उडाली. यंत्र कोसळले तेव्हा निदान त्याने ओरडून सांगितले. ज्या दुपारी ते कोसळले नाही आणि आम्ही फाइल जतन केली, त्या दुपारी त्याने काय लिहिले?

शंका काल्पनिक नव्हती. युनिकोडमध्ये ‘ल’चा क्रमांक ०९३२ आणि ‘ळ’चा ०९३३. दोहोंत अंतर अवघ्या एका बिटाचे. ‘क’ आणि ‘ग’ यांच्यातही तेवढेच. म्हणजे एक बिट उलटला की ‘मूल’चे ‘मूळ’ होईल, ‘काडी’ची ‘गाडी’ होईल, आणि शुद्धलेखन तपासणारी कोणतीही व्यवस्था हूं की चूं करणार नाही.

जानेवारीत वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवलेली प्रत आमच्याकडे होती, आणि मूळ ध्वनिमुद्रणे मेमरी कार्डांवर होती. उन्हाळ्याच्या सुट्टीचे पंधरा दिवस आम्ही ताडून पाहण्यात घालवले. एकाने वाचावयाचे, दुसऱ्याने ऐकावयाचे. आम्ही जाणूनबुजून केलेले बदल वगळता तीन ठिकाणी प्रती जुळेनात. दोन ठिकाणी शब्दच मोडला होता. ते डोळ्यांत भरले. तिसऱ्या ठिकाणी जानेवारीच्या प्रतीत ‘वेल’ होता, मेच्या प्रतीत ‘वेळ’. त्या पानाला मधल्या काळात कोणी हात लावल्याची नोंद नव्हती. माहेराच्या त्या ओवीत दोन्ही शब्द अर्थपूर्ण लागतात. किंबहुना ‘वेळ’ जरा अधिकच काव्यमय वाटतो. पालम तालुक्यातील त्या आजी २०२१ मध्ये वारल्या. ध्वनिमुद्रणात त्यांचा ‘वेल’ स्वच्छ ऐकू येतो.

हा फरक यंत्रानेच केला असे आम्ही शपथेवर सांगणार नाही. पण त्या एका अक्षरापाशी आम्ही बराच वेळ थांबलो. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. हे आम्ही वर्गात दरवर्षी सांगतो आणि विद्यार्थी परीक्षेपुरते लिहून घेतात. तीनशे वर्षांच्या नकलांत निरर्थक चुका कोणीही दुरुस्त केल्या असत्या. खरे कष्ट अर्थ लागणाऱ्या, कानाला गोड वाटणाऱ्या चुकांनी दिले असणार, हे आम्हांस त्या सुट्टीत नव्याने उमगले.

आता ओव्यांच्या तीन प्रती असतात. त्यांपैकी एक घराबाहेर, एका स्नेह्यांकडे. प्रत्येक फाइलीचा ‘चेकसम’ काढून तो वहीत टिपला जातो. मजकुरातील एक बिट बदलला तरी हा आकडा पार बदलतो, त्यामुळे ठेवलेली प्रत ठेवली तशीच आहे की नाही ते क्षणात कळते. दोषी पट्टी आम्ही फेकली नाही. एम.ए.च्या वर्गात पाठचिकित्सेचा तास असला की ती मेजावर ठेवतो, आणि त्या आजींचा आवाज ऐकवून मुलांना आधी त्यांनी ऐकलेला शब्द लिहावयास सांगतो. छापील प्रत नंतर देतो.

वाचकांपैकी कोणाच्या घरी असेच यंत्र अधूनमधून कोसळत असेल, तर त्यांनी प्रथम आपल्या लेखनाची प्रत बाहेर काढावी, दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी आणि मग वही घ्यावी. फॉरमॅट कधीही मारता येतो.