घसा दुखतो, पण सर्दी नाही

मायबहिणींनो, वारंगा फाट्याची खिचडी कोणाला आवडत नाही? नांदेडला दवाखान्यात जाताना सासूबाईंसाठी घेतली, तर तो मऊ घासही त्यांना चावेना. बोटांचा आमवात जुनाच. जबडा नि घसा महिनाभर दुखत होता. आम्ही हळद-मिठाच्या गुळण्यांवर भागवले. चूक आमचीच.

डॉक्टर म्हणाले, "कानापुढे जबड्याचा सांधा असतो, स्वरयंत्रातही बारीक सांधे असतात. आमवात तिथेही उतरतो."

म्हणून सांगते, आमवाताच्या माणसाचा आवाज बसला, गिळताना दुखले, तर डॉक्टरांच्या कानावर घाला. मेथोट्रेक्झेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती चालू असताना ताप, घसादुखी किंवा तोंडात फोड आले तर त्याच दिवशी दाखवा. श्वास घेताना घुरघुर झाली तर फाट्यावर गाडीची वाट पाहू नका; १०८ ला फोन करा.

सासूबाई आता भाकरी दुधात कुस्करून खातात, आणि आम्हाला पुन्हा हाकाही मारतात!