कच्चा

हे विशेषण माझ्या वाट्याला प्रथम आलं ते लिंबाबरोबर. लपंडावात मोठी मुलं मला नाइलाजाने घेत आणि आधीच जाहीर करत, "हा कच्चा लिंबू हं!" म्हणजे सापडलो तरी राज्य माझ्यावर येणार नाही. सुरुवातीला चैन वाटली. पुढे कळलं, ज्याच्यावर राज्य येत नाही तो खेळातच नसतो.

शाळेत मी 'गणितात कच्चा' झालो. बाई मला ढ म्हणत नसत, याचं आईला केवढं समाधान! ढ म्हटलं की विषय संपतो. कच्च्याला अजून आशा असते. आईच्या स्वयंपाकघरात तर कच्चेपणाला मानच होता. लोणच्याची कैरी ती बोटांनी दाबून, फोड दाताखाली धरून पारखायची. जराशी पिवळी झालेली कैरी बरणीत जात नसे. नोकरीत कच्चा खर्डा साहेबांच्या लाल शाईसाठीच असायचा. दुकानातली कच्ची पावती मात्र वेगळी. ती पक्की होऊच नये, अशी दोन्ही बाजूंची इच्छा!

गोरोबाकाका कुंभारांनी थापटण्याने संतांची डोकी तपासून नामदेवांचं मडकं कच्चं ठरवलं, ही कथा कीर्तनात ऐकली. नामदेव दुखावले, पण मग औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले आणि त्यांना गुरू लाभला. त्या शब्दाने त्यांना वाट दाखवली.

तोच शब्द वर्तमानपत्रात 'कच्चा कैदी' म्हणून भेटतो, तेव्हा वाट दिसत नाही. २०२२ च्या अखेरीस देशातल्या सुमारे ५ लाख ७३ हजार कैद्यांपैकी ४ लाख ३४ हजार कच्चे होते. खटला चालू, निकाल नाही. कायद्याच्या लेखी निर्दोष, तरी गजांआड. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या आरोपीने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कोठडीत काढला, तर त्याला बंधपत्रावर सोडण्याची तरतूद आहे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले असलेले मात्र त्यातून वगळले आहेत.

'कच्चा' म्हणताना आपण 'अजून' हा शब्द न उच्चारता बोलत असतो. म्हणून 'कच्चा' बोचला तरी सोसतो. पण हे 'अजून' कधी संपणार, ते कच्च्याच्या हाती क्वचितच असतं. बाईंना वार्षिक परीक्षा होती, आईला कैरीचा हंगाम होता. दुसऱ्याला कच्चा ठरवणाऱ्याने मुदतही सांगावी. नाहीतर तो शब्द निकालाआधीच सुनावलेली शिक्षा होतो.