चला, मुलूच्या गुहेत!

दोस्तांनो, गुहा म्हटली की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? बहुतेकांना अजिंठा-वेरूळ आठवेल, नाहीतर घारापुरी. शाळेच्या सहलीबरोबर तुम्ही तिथे गेलाही असाल. पण ती लेणी माणसांनी खोदली. छिन्नी-हातोडा घेऊन, काळ्या कातळात. आज मी तुम्हांला ज्या गुहांत नेणार आहे, त्या खोदायला एकही माणूस आला नव्हता. त्या खोदल्या पावसाने!

खोटं वाटतं? मग आधी एक गंमत करून बघा. घरात शहाबादी फरशीचा एखादा जुना तुकडा पडला असेल, तर त्यावर लिंबाचे दोन थेंब पिळा. (स्वयंपाकघरातल्या चांगल्या फरशीवर नको हं, डाग पडेल आणि आई ओरडेल!) नीट बघितलंत तर बारीक बारीक बुडबुडे दिसतील. शहाबादी फरशी हा चुनखडीचा दगड आहे आणि लिंबाच्या आंबट रसात तो विरघळतो. पावसाचं पाणीही किंचित आंबट असतं. हवेतला आणि जंगलाच्या मातीतला कार्बन डायऑक्साइड त्यात मिसळतो, म्हणून. एका पावसाने काही होत नाही. पण लाखो वर्षं पाऊस पडत राहिला तर? तर डोंगर आतून पोखरून निघतो.

नेमकं हेच झालं बोर्निओ बेटावर. या बेटाचा उत्तरेकडचा भाग मलेशियात आहे, आणि तिथल्या सारावाक राज्यात आहे गुनुंग मुलू राष्ट्रीय उद्यान. मलाय भाषेत गुनुंग म्हणजे डोंगर. मुलूचा डोंगर सुमारे २३७६ मीटर उंच आहे. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे बघा! इथे वर्षाला चार-पाच मीटर पाऊस पडतो. तुम्ही म्हणाल, एवढा तर आमच्या महाबळेश्वरलाही पडतो. खरं आहे. पण आपला पाऊस चार महिन्यांत येऊन जातो. मुलूत तो बाराही महिने मुक्कामाला असतो.

झाडांच्या शेंड्यांवरून

पर्यटक बहुतेक मिरी नावाच्या शहराहून छोट्या विमानाने मुलूला येतात. जेमतेम अर्ध्या तासाचा प्रवास. खिडकीतून खाली बघायला मात्र विसरू नका. आधी एकाच उंचीच्या, एकाच जातीच्या झाडांच्या सरळ रांगा दिसतात, वहीवर आखल्यासारख्या. पुढे रांगा संपतात आणि हिरव्या रंगाचा नुसता गोंधळ सुरू होतो. त्या रांगा लक्षात ठेवा. त्यांच्याबद्दल मी शेवटी सांगणार आहे.

उद्यानात एक झुलता पूल आहे, झाडांना बांधलेला. सुमारे ४८० मीटर लांब आणि जमिनीपासून २० मीटरहून उंच. एका वेळी थोड्याच माणसांनी त्यावर जायचं. पाय टाकला की पूल हलतो आणि पोटात गोळा येतो. पण जंगल खरं कळतं ते तिथेच. खाली अंधार आणि ओल. वर ऊन, फुलं, फुलपाखरं. मधूनच धनेशाच्या पंखांचा फसफस आवाज. एकाच जंगलात एकावर एक असे मजले आहेत, आणि प्रत्येक मजल्यावर वेगळे बिऱ्हाडकरू! या उद्यानात पामच्याच १०९ जाती आहेत. आपल्या डोळ्यांसमोर नारळ, पोफळी, ताड येऊन आपली यादी संपते.

रात्री वाटाड्याबरोबर विजेऱ्या घेऊन फिरायला जाता येतं. काडी समजून हात लावावा तर ती चालू लागते. तो असतो काडीकिडा! एखादं लाकूड अंधारात मंद चमकतं. ती असते बुरशी.

हरणांची गुहा

मुख्य कचेरीपासून लाकडी फळ्यांच्या वाटेने तीनेक किलोमीटर चाललं की हरणांची गुहा येते. पूर्वी तिथे हरणं खारट दगड चाटायला यायची, म्हणून हे नाव. गुहेचा बोगदा शंभर मीटरहून उंच आहे. मुंबईचा राजाबाई टॉवर ८५ मीटरचा. तो उचलून इथे आत ठेवला तर टोक छताला लागणार नाही! पुष्कळ वर्षं ही जगातली सर्वांत मोठी गुहावाट समजली जात होती. पुढे २००९ मध्ये संशोधक व्हिएतनामच्या सोन डुंग गुहेत उतरले आणि पहिला नंबर तिकडे गेला.

आत शिरताच पहिली भेट होते वासाशी. नाक दाबू नका, कारण या वासावरच सगळी गुहा जगते. छताला लाखो वटवाघळं लटकलेली असतात. त्यांची विष्ठा खाली पडते. ती खायला झुरळं आणि किडे, किड्यांना खायला कोळी आणि गोमा. गुहेत उजेड नाही, म्हणून एकही हिरवं पान उगवत नाही. तरी सगळ्यांची पंगत बसलेली! जेवण येतं कुठून? बाहेरच्या जंगलातून. वटवाघळं रात्रभर जंगलावर उडून किडे खातात आणि पहाटे ते पोटात घेऊन घरी येतात. म्हणजे वटवाघळं हे या गुहेचे डबेवाले.

इथल्या काही गुहांत पाकोळ्याही राहतात. अंधारात त्या टिक्-टिक् आवाज करतात आणि प्रतिध्वनी ऐकून वाट काढतात. यासाठी बोर्निओलाच जायला हवं असं नाही बरं का! आपल्या वेंगुर्ल्याजवळ समुद्रात जे खडक आहेत, त्यांच्या गुहांतही पाकोळ्या घरटी करतात.

आत एका जागी वाटाड्याने आम्हांला विजेऱ्या बंद करायला सांगितल्या. हात डोळ्यांपुढे धरला, दिसला नाही. घरात वीज गेल्यावरचा अंधार हा अंधारच नव्हे, हे तेव्हा कळलं. कुठेतरी एक थेंब पडला. थोड्या वेळाने दुसरा. गुहा अजून खोदली जात होती!

पाऊस आला, वटवाघळं आली नाहीत

संध्याकाळी गुहेसमोरच्या मोकळ्या जागेत सगळे प्रवासी बाकांवर बसतात. सूर्य कलला की वीस-तीस लाख वटवाघळं बाहेर पडतात, ते बघायला. पण पाऊस असला तर ती सहसा येत नाहीत. पहिल्या दिवशी आमचं तसंच झालं. साडेपाचला सर कोसळली आणि गुहेचं तोंड तसंच काळं राहिलं. आमच्यातला एक छोटा दोस्त रुसूनच बसला. एवढे पैसे भरून, एवढ्या लांब येऊन! पण वटवाघळांनी तिकीट थोडंच विकलं होतं?

दुसऱ्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं. गुहेच्या तोंडातून धुराची एक बारीक रेघ निघाली. मग दुसरी. ती रेघ वळली, तिचं कडं झालं, आणि ते कडं गिरक्या घेत जंगलावरून दूर गेलं. काठावर शिकारी पक्षी टपलेले असतात, म्हणून एकेकटं न जाता असं घोळक्याने जायचं. डोक्यावरून थवे गेले तेव्हा पावसासारखी सळसळ ऐकू आली. कालचा रुसलेला दोस्त तोंड उघडं ठेवून बघत होता. (वर वटवाघळं असताना तोंड मिटलेलं बरं, असं मी त्याला हळूच सांगितलं!)

भिंत सापडेना

मेलिनाऊ नदीतून लांब, निमुळत्या होडीने वाऱ्याच्या गुहेकडे आणि निर्मळ पाण्याच्या गुहेकडे जाता येतं. या दुसऱ्या गुहेतून एक नदीच वाहते. तिच्या एकमेकींना जोडलेल्या वाटा मोजता मोजता २०० किलोमीटरच्या पुढे गेल्या आहेत, आणि मोजणी अजून चालूच आहे.

१९८१ मध्ये इथे एक नवल घडलं. अँडी ईव्हिस, डेव्ह चेकली आणि टोनी व्हाइट हे तीन ब्रिटिश गुहासंशोधक एका नदीच्या कडेने डोंगरात शिरले. पुढे भिंत धरून चालता चालता त्यांना वाटलं, आता समोरची भिंत गाठू. अंधारात ते चालत राहिले, पण भिंत येईचना! ते एका प्रचंड दालनात होते. ६०० मीटर लांब, ४०० मीटरहून रुंद. क्रिकेटची आठ-दहा मैदानं मावतील एवढं. आज ते सारावाक दालन म्हणून प्रसिद्ध आहे. तिथे कुणालाही सोडत नाहीत. आधी सोप्या गुहांत सराव लागतो. शिवाय नदीला पाणी चढलं की वाटाडे सरळ माघारी फिरवतात, आणि त्यांचं ऐकायचंच असतं.

ज्यांच्या पायांत जोर आहे, ते आपी डोंगरावरचे सुळके बघायला जातात. जंगलातून वर आलेले चुनखडीचे ४०-४५ मीटर उंच भाले! वाट फक्त २.४ किलोमीटरची, पण तेवढ्यात १२०० मीटर चढायचं, शेवटी तर शिड्यांवरून. हे सुळके कुणी घडवले? तुम्हांला आता माहीत आहे. त्याच पावसाने.

रांगांची गोष्ट

नदीकाठी पेनान लोकांची वस्ती लागते. तिथे वेताच्या टोपल्या विकायला असतात आणि फुंकनळीने नेम धरून बघता येतो. पेनान पूर्वी जंगलात फिरत राहायचे. साबुदाण्यासारखं पीठ देणारं एक पामचं झाड हे त्यांचं मुख्य अन्न. बेटातलं जून खोड तेवढं तोडायचं, कोवळी राखायची. या राखण्याला त्यांच्या भाषेत ‘मोलोंग’ म्हणतात.

आता त्या विमानातून दिसलेल्या रांगा. ती झाडं तेलताडाची. मूळची आफ्रिकेतली. आत १०९ जातींचे पाम, आणि बाहेर मैलोन्‌मैल एकच! १९७४ मध्ये मुलूला राष्ट्रीय उद्यान केलं. २००० साली ते जागतिक वारसास्थळ झालं. पण हद्दीची रेघ नकाशावर असते, आभाळात नसते. वटवाघळं ती ओलांडून दूरवर चरायला जातात. याच जातीची वटवाघळं भातावरचे तुडतुडे फस्त करतात, असं थायलंडमधल्या संशोधकांना आढळलं आहे. बाहेरचं जंगल गेलं, तर गुहेतल्या पंगतीला डबा कोण पोचवणार? २०१९ मध्ये उद्यानाला लागूनच तेलताडासाठी जंगल तोडलं जाऊ लागलं, तेव्हा पेनान आणि बेरावान गावकरी रस्ता अडवून उभे राहिले होते.

हे तेल कोण विकत घेतं? जगात सर्वांत जास्त पाम तेल आयात करतो आपला भारत. घरातल्या बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरं वाचा. बहुधा तिथे ते सापडेल. म्हणून बिस्किट टाकून देऊ नका. तेलताडावर हजारो शेतकऱ्यांचं पोट आहे, आणि थोड्या जमिनीत इतकं तेल देणारं दुसरं पीक नाही. पण ते जंगल तोडून लावलेलं आहे की जुन्या मळ्यातलं, हा प्रश्न आईबाबांना आणि दुकानदारांना विचारता येईल. मोठी माणसं उत्तर शोधू लागली तर ती चांगलीच गोष्ट आहे.

आणि हो, मलेशियाचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. उद्या दुपारी साडेतीन-चारला वर्गातल्या घड्याळाकडे बघा. त्या वेळी मुलूत संध्याकाळ होत असेल. पाऊस नसेल, तर त्या काळ्या तोंडातून धुराची पहिली रेघ निघाली असेल.