बाबांचा हात

गेले दोन महिने कुठे गायब आहेस, असं दोघातिघांनी विचारलं. तर मंडळी, मी हिरव्या ग्रीसशी भांडत बसलो होतो.

घरात बाबांचा एक फोल्डिंग कॅमेरा आहे. आग्फा इझोलेट, जर्मनीतला. मामा बोटीवर नोकरीला होते, त्यांनी 1959 साली आणून दिलेला. मिटला की कोटाच्या खिशात जाईल एवढा. बटण दाबलं की पुढचं झाकण उघडतं आणि पेटीच्या भात्यासारखा काळा भाता पसरून लेन्स बाहेर येते. एकशेवीसचा रोल, चौकोनी बारा फोटो. अंतर मोजायची काही सोय नाही. आपण अंदाज करायचा आणि लेन्सभोवतीची कडी फिरवून तो आकडा लावायचा. बाबा अंदाजावर विसंबणारे नव्हते. समोरच्यापर्यंत पावलं मोजत जायचे, परत यायचे, तोवर आम्ही पोरं पळालेली!

1960 च्या दशकातले त्यांचे फोटो काय सुरेख आहेत. आजीच्या लुगड्याचे काठ मोजून घ्यावेत. पुढे मात्र फोटो मऊ पडायला लागले. 1979 साली ताईच्या (आतेबहिणीच्या) लग्नात त्यांनी दोन रोल काढले आणि जवळजवळ सगळे धुरकट आले. "ह्यांचा हात हलतो हल्ली," आई हसत म्हणाली. मग तेच सगळे म्हणू लागले. बाबांनी कॅमेरा एका दुकानात दाखवला, तिथे 'काही दोष नाही' म्हणून परत आला. तो लोखंडी कपाटात गेला तो गेलाच. बाबा तेव्हा 47 वर्षांचे होते. त्यानंतर त्यांनी एकही फोटो काढला नाही. माझ्या अकराव्या वर्षानंतरचा, बाबांनी काढलेला माझा फोटो नाही. आणि हो, हात हलतो म्हणून चिडवणाऱ्यांत मीही होतो.

असो. या वर्षी कपाट आवरताना तो हाती लागला. भात्याच्या कोपऱ्यांना भोकं असणार हे गृहीतच होतं, आग्फाच्या भात्यांची ती खोडच. अंधाऱ्या खोलीत आत छोटा टॉर्च सोडला तर आकाशात चांदण्या. ती काळ्या रंगाने तात्पुरती बुजवलीत, नवा भाता नंतर बघू.

खरी गंमत लेन्समध्ये. या कॅमेऱ्यात तीन भिंगं असतात. फोकस करताना फक्त पुढचं भिंग आट्यांवर फिरून पुढेमागे व्हायला हवं, मधलं जागच्या जागी. मी कडीचे तीन बारीक स्क्रू सैल करून कडी काढली, पुढचं भिंग फिरवलं, तर त्याच्याबरोबर मधलंही सुटून हातात आलं. दोन्ही एकमेकांना चिकटून एकच झालेली! आग्फाने त्या काळात वापरलेलं हिरवं ग्रीस वर्षानुवर्षांनी लाखेसारखं घट्ट होतं. जुने कॅमेरे खोलणाऱ्या सगळ्यांना हे ठाऊक आहे. त्या दुकानदाराला ठाऊक नसेल, किंवा त्याने खोललाच नसेल.

म्हणजे कडी फिरत होती, आकडे बदलत होते, पण दोन्ही भिंगं बरोबरच फिरत होती. दोघांमधलं अंतर तेवढंच, आणि मधलं आपल्या जागेवरून सुटत चाललेलं. बाबा पावलं मोजून बरोबर आकडा लावत होते आणि त्या आकड्याला काही अर्थच उरला नव्हता.

ती जोडी सोडवायला नऊ दिवस लागले. रोज लायटरचं पेट्रोल आट्यांत सोडायचं, मुलीच्या हेअर ड्रायरने गरम करायचं, रबर गुंडाळून पिळायचं. नवव्या दिवशी 'टक्' झालं. (सुटतं त्या जागी लगेच खूण करा रे, नाहीतर आटे परत जुळवताना रडाल.) मग साफसफाई, नवं ग्रीस, आणि मागे फिल्मच्या जागी ट्रेसिंग पेपर ताणून, शटर उघडं ठेवून, लांबच्या इमारतीवरची पाण्याची टाकी त्यावर स्पष्ट दिसेपर्यंत भिंग फिरवलं. तिथे कडीवर अनंताची खूण आणून स्क्रू आवळले.

नंतर लग्नाचे ते फोटो भिंगाखाली धरले. हात हलला तर चमकणाऱ्या ठिपक्याची रेघ होते. फोकस चुकला तर त्याचा गोल होतो. मांडवाबाहेरच्या पितळी कळशीवर ऊन पडलंय. सगळे गोल. एकाही फोटोत रेघ नाही. सगळ्या वर्षांचा दोष ग्रीसचाच, असं मी छातीठोक म्हणणार नाही. 1/25 वर कुणाचाही हात हलेल. पण लग्नात बाबांचा हात स्थिर होता.

आईला दाखवलं. ती आता 85 ची. भिंग घेऊन बराच वेळ बघत बसली. "मग ते बोलले का नाहीत तेव्हा?" एवढंच म्हणाली. काय सांगणार? त्यांना तरी कुठे माहीत होतं. त्यांनीही आमचंच खरं मानलं असणार.

चार दिवसांनी रोल भरला. पहिला फोटो आईचा, गॅलरीत. टेपने अंतर मोजलं, आकडा लावला. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि ती सवयीने म्हणाली, "हात हलवू नकोस हं." मग एकदम गप्प झाली. मी तसाच फोटो काढला.

रोल अजून धुतलेला नाही, दोन फोटो शिल्लक आहेत. आत्या, तू हे वाचतेस ते माहीत आहे मला. ताईला घेऊन रविवारी ये. लग्नातली ती कळशी अजून घरात असेल तर तीही आण :-)